ठोसा आणि पेच



दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या गेटसभेनंतर दुसऱ्या पाळीच्या पाचसहा बायका माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पाळी रात्री दहाला सुटते. गेटपासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता अंधाराचा, एका बाजूला बंद पडलेल्या गोदामाची भिंत. आठवड्यापूर्वी त्यांच्यातल्या एका पोरीचा हात कोणीतरी धरला होता. "दादा, युनियनतर्फे आम्हाला कराटे शिकवा," एक म्हणाली. दुसरीने लगेच तिला अडवले, कारण तिचा भाऊ तालमीत जाणारा. त्याचे मत असे की कराटे-बिराटे सिनेमात ठीक, खरे काम करतो तो बॉक्सिंगचा ठोसा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. सांगा, कुठलं चांगलं?"

मला सांगता येईना. लाठ्या खाण्याचा अनुभव माझ्या गाठी बराच आहे. मारामारीच्या शास्त्राचा मुळीच नाही. म्हणून घरी जाऊन मी शोधू लागलो, आणि शोधता शोधता शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये जाऊन पोचलो. पूर्वेची युद्धकला आणि पश्चिमेची युद्धकला यांची समोरासमोर गाठ तेथे पडली, आणि तीही सैनिकांच्या छावणीत पडली नाही. रस्त्यावर, नाटकगृहांत आणि बायकांच्या सभांत पडली. आज त्याच हकीकतीबद्दल बोलायचे योजिले आहे.

१८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांतून 'हूलिगन' हा नवा शब्द गाजू लागला होता. रस्त्यावरच्या गुंड पोरांच्या टोळ्यांना ते नाव पडले. मध्यमवर्गीय माणूस संध्याकाळी घराबाहेर पडताना काठी हातात घेऊ लागला. नेमक्या त्याच वर्षी एडवर्ड विल्यम बार्टन-राइट नावाचा एक इंजिनियर जपानहून परतला. या गृहस्थाचा जन्म १८६० चा, आणि तो झाला आपल्या बंगलोरला. कोबे येथे नोकरीस असताना तो जुजुत्सू शिकला होता. १८९९ मध्ये त्याने एका मासिकात स्वसंरक्षणाच्या नव्या कलेवर लेख लिहिले आणि लवकरच शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर शिकवणीचा क्लब काढला. आपल्या पद्धतीला त्याने स्वतःच्याच नावाचा तुकडा जोडून 'बार्टित्सू' म्हटले. कॉनन डॉयलने १९०३ च्या एका गोष्टीत शेरलॉक होम्सला कड्यावरून वाचविले ते याच विद्येच्या जोरावर, फक्त नावातले एक अक्षर गाळून.

या माणसाची मला मौज वाटते, कारण पूर्व श्रेष्ठ की पश्चिम श्रेष्ठ या वादात तो पडलाच नाही. त्याने दोन्हींना एका छपराखाली आणून पगारावर ठेवले. काठी आणि लाथ शिकवायला स्वित्झर्लंडचा पिएर व्हिन्यी, कुस्तीला तिथलाच आर्मां शेर्पियो, तलवारीच्या जुन्या हातांसाठी कॅप्टन आल्फ्रेड हटन, आणि जुजुत्सूसाठी जपानहून मुद्दाम आणलेले दोन तरुण, युकिओ तानी आणि सादाकाझू उयेनिशी. त्याचे गणित अंतराचे होते. शत्रू काठीच्या टप्प्यात असेल तर काठी वापरा. त्याहून जवळ आला तर लाथ आणि ठोसा. अंगाला येऊन भिडला तर पेच. हे एवढे साधे आहे की आपल्या तालमीतला कोणताही वस्ताद मान डोलावील. क्लब मात्र १९०२ च्या सुमारास बंद पडला. बार्टन-राइट १९५१ पर्यंत जगला आणि नव्वदाव्या वर्षी गेला तेव्हा त्याला अनाथांच्या कबरीत पुरावे लागले.

आता तुलनेकडे येऊ. पश्चिमेची स्वसंरक्षणाची कला म्हणजे बॉक्सिंग, असे त्या काळचा इंग्रज मानीत असे, आणि आपण आजही मानतो. परंतु हातमोजे, तीन मिनिटांच्या फेऱ्या आणि मिठी मारण्यास बंदी असलेले बॉक्सिंग क्वीन्सबरीच्या नियमांनी १८६७ मध्ये आले. त्यापूर्वीच्या उघड्या मुठीच्या लढतीत कमरेच्या वर पकडून प्रतिस्पर्ध्याला आपटणे नियमात बसत होते. नियमांनी बॉक्सिंगला सभ्य केले, आणि सभ्य करताना त्यातले निम्मे डाव काढून घेतले. शिवाय हातमोजा मार खाणाऱ्याच्या तोंडासाठी असतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो मारणाऱ्याच्या बोटांचे रक्षण जास्त करतो. उघड्या मुठीने कवटीवर ठोसा हाणणाऱ्याची आपलीच हाडे मोडतात. पोरीच्या भावाला ही गोष्ट मी नंतर सांगितली; त्याला ती पटली नाही.

याच्याही मागे गेलो तर आणखी चमत्कारिक गोष्ट दिसते. फ्योरे दै लिबेरी नावाच्या इटालियन वस्तादाने पंधराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या सचित्र ग्रंथात कोपराची पिळवण, मनगटाची सोडवणूक, सुऱ्याचा हात अडवून मुरगाळणे हे सारे आहे. १६७४ मध्ये ॲमस्टरडॅमला निकोलास पेटर या कुस्तीशिक्षकाचे पुस्तक निघाले, त्यातील चित्रे रोमेन दे होगे या नामांकित कलावंताने काढली. कोणी छातीवरचा कपडा धरला तर काय करावे, केस धरले तर काय, सुरी काढली तर काय, हे त्यात एकामागून एक दाखविले आहे. ती चित्रे एखाद्याला नाव झाकून दाखविली तर तो त्यांना जपानी म्हणेल! सांगायचे एवढेच की युरोपजवळ पेच नव्हते असे नाही. युरोप ते विसरला होता. बंदूक आली, पोलीस आला, मारामारीचा खेळ झाला, खेळाला तिकीट लागले. आणि जे तिकिटावर दाखविता येत नव्हते ते गळून पडले.

जपानातही तेच घडत आले होते. सामुराईंची राजवट गेल्यावर जुजुत्सूचे जुने वस्ताद उपाशी मरू लागले होते. तेथे एक वेगळा माणूस निपजला. जिगोरो कानो, बार्टन-राइटच्याच वयाचा, जन्म १८६०. दोन जुन्या घराण्यांची विद्या शिकून त्याने १८८२ मध्ये तोकिओच्या एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही शाळा काढली. घातक डाव त्याने पाठ म्हणून वेगळे ठेवले, आणि जे डाव पूर्ण जोराने रोज खेळता येतील ते निवडून त्यांचा मोकळा सराव सुरू केला. यातच सगळी गोम आहे. डोळ्यात बोट घालण्याची विद्या कितीही भयंकर असली तरी तिचा सराव कोणावर करणार? उलट रोज शंभरदा खऱ्या विरोधाविरुद्ध केलेली साधी टांग ऐन वेळी आपोआप लागते. कोल्हापूर-सांगलीच्या लाल मातीतले आपले मल्ल दुसरे काय करीत आले? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने सिद्ध केलेल्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. ही परंपरा आजकालची नव्हे.

क्लब बुडाल्यावर तानी नाटकगृहांतून आव्हानाचे खेळ करू लागला. वजन जेमतेम सत्तावन्न किलो. उंचीने आपल्याकडच्या शाळकरी पोराएवढा. ठरलेली मिनिटे जो टिकेल त्याला रोख बक्षीस, आणि पुढे आलेला धिप्पाड खाणकामगार किंवा गोदी कामगार दोन-तीन मिनिटांत हात आपटून शरण. लोक थक्क होत. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरविले तेव्हा तर जुजुत्सूची लाटच आली. परंतु आपण कामगार चळवळीतली माणसे करारातला बारीक मजकूर आधी वाचतो. तानीच्या खेळात समोरच्याला जपानी जाड सदरा घालावा लागे, आणि हार-जीत जुजुत्सूच्या नियमाने ठरे. सदऱ्याच्या कॉलरने गळा आवळता येतो हेच ज्या माणसाने जन्मात पाहिले नाही, त्याला त्या कॉलरमध्ये उभे केले तर निकाल काय लागणार? तानी थोर होताच. पण त्या निकालांवरून पूर्वेने पश्चिमेला जिंकले असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

याच्या उलट उदाहरण पाहा. १९१० मध्ये आपला गामा लंडनला गेला. १० सप्टेंबरला स्टानिस्लाउस झबिस्को या पोलिश मल्लाशी त्याची कुस्ती झाली. झबिस्को बहुतेक वेळ मॅटवर पालथा पडून राहिला, आणि अडीच तासांनंतर कुस्ती बरोबरीत सोडविली. पुढच्या आठवड्याला ठरलेल्या फेरीला झबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले तेव्हा मिनिटभराच्या आत गामाने त्याला चीत केले. पण गामा पूर्वेचा आणि झबिस्को पश्चिमेचा, हे खरे असले तरी त्यांची विद्या एकमेकींच्या जवळची होती. दोघांनाही खांदे जमिनीला लावायचे होते. गळा आवळणे, हात मोडायला आणणे दोघांच्याही खेळात नव्हते. गामाचे नाते तानीपेक्षा झबिस्कोशी अधिक! पूर्व आणि पश्चिम ही दिशांची नावे आहेत. डावांना ती चिकटविली की फसगत होते.

आता मी ज्या बाईसाठी हे व्याख्यान पत्करले तिच्याकडे येतो. एडिथ गॅरड, जन्म १८७२, उंची ४ फूट ११ इंच. नवरा विल्यम व्यायामशिक्षक. दोघेही उयेनिशीच्या गोल्डन स्क्वेअरमधील शाळेत शिकली, आणि १९०८ मध्ये उयेनिशी इंग्लंड सोडून गेल्यावर ती शाळा विल्यमने चालविली. बायका-मुलांचे वर्ग एडिथने घेतले. मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांच्या सभांत ही ठेंगणी बाई प्रात्यक्षिक दाखवी. पोलिसाच्या वेषातला धिप्पाड पुरुष तिला धरायला येई आणि क्षणात जमिनीवर आडवा दिसे. १९१० च्या जुलैत 'पंच'ने व्यंगचित्र काढले: एक लहानशी बाई, आणि तिच्यापुढे कुंपणापाशी अंग चोरून उभे असलेले पोलीस. लोक हसले.

नोव्हेंबरात ते हसू मावळले. १८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे तीनशे बायका पार्लमेंटकडे निघाल्या. पोलिसांनी त्यांना अटक करण्याऐवजी तासन् तास ढकलले, पाडले, छात्या पिळल्या, बोटे मागे वाकविली. ११९ जणांना अखेर पकडले. दुसऱ्या दिवशी बहुतेकांवरील आरोप मागे घेतले, म्हणजे न्यायालयात काही उघड होण्याची सोयच उरली नाही. रस्त्यावर पडून तोंड झाकून घेतलेल्या एका बाईचे छायाचित्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले. तो दिवस इतिहासात काळा शुक्रवार म्हणून नोंदला गेला.

येथे मला तुलनेची खरी किल्ली सापडली. पोलिसाला गुंडासारखा ठोसा मारायचा नसतो. त्याला पकडून ओढायचे असते. दंड धरायचा, मनगट धरायचे, कॉलर धरायची. आणि जुजुत्सू ही मुळात धरल्या गेलेल्या माणसाची विद्या आहे. ठोशाला अंतर लागते, वजन लागते, आणि मारणाऱ्याने आधी पुढे यावे लागते. कोर्टात तो हल्ला ठरतो. पेचाला समोरच्याचा हात आपल्या अंगावर पडावा लागतो. तो ओढतो त्याच दिशेने एक पाऊल अधिक टाकले की त्याचा तोल जातो. मनगट धरले असेल तर चार बोटांशी झगडायचे नाही, अंगठ्याच्या बाजूने पिळून हात काढायचा. कितीही बलदंड मुठीचे दार तेवढेच एक. पंचेचाळीस किलोच्या बाईने शंभर किलोच्या माणसाशी मुष्टियुद्ध करणे हा शुद्ध वेडेपणा. पण त्याच्या अंगठ्याशी तिचे सगळे अंग लढू शकते.

१९१३ च्या एप्रिलात सरकारने मांजर-उंदराचा कायदा आणला. उपोषण करणाऱ्या कैदी बाईला मरायला टेकली की सोडायचे आणि जरा सावरली की पुन्हा धरायचे. एमेलीन पँकहर्स्ट यांना वारंवार असे धरू लागले, तेव्हा संघटनेने पंचवीस-तीस बायकांचे शरीररक्षक पथक उभारले. नायिका गर्ट्रूड हार्डिंग, कॅनडाची. शिकविणारी एडिथ गॅरड. सराव गुप्त जागी, जागा सारखी बदलायची. आणि त्यांचे हत्यार कोणते? लांब झग्यात लपविलेले लाकडी मुद्गल! आपल्या तालमींतले मुद्गल इंग्रज पलटणींनी एकोणिसाव्या शतकात उचलले, तेथून ते इंग्लंडच्या व्यायामशाळांत 'इंडियन क्लब' म्हणून गेले, आणि जपानी डाव शिकलेल्या इंग्रज बायकांनी लंडनच्या पोलिसांपुढे ते बाहेर काढले. पूर्व-पश्चिमेची तुलना करणाऱ्याने या मुद्गलाला कोणत्या रकान्यात घालावे?

गॅरडबाई पुढे एक गंमत सांगत. काचा फोडून पळालेल्या बायका तिच्या वर्गात शिरल्या. दगड-हातोडे जमिनीतल्या फळीखाली गेले, वर सतरंजी पसरली, आणि पोलीस आले तेव्हा सगळ्या सरावाच्या पोशाखात. "येथे स्त्रियांचा वर्ग चालू आहे," असे ऐकवून तिने पोलिसांनाच लाजविले.

पथकाच्या लढाया पाहिल्या तर डावांपेक्षा डोके जास्त चाललेले दिसते. फेब्रुवारी १९१४ मध्ये लंडनला पँकहर्स्टबाईंसारखा वेष केलेली बुरख्यातली बाई मधे घेऊन पथक बाहेर पडले. पोलिसांनी झटापट करून तिलाच नेले आणि खऱ्या बाई निघून गेल्या. ९ मार्चला ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज हॉलमध्ये मात्र हार झाली. बाई तिकीट काढून साध्या श्रोत्यांबरोबर आत शिरल्या होत्या. व्यासपीठाच्या फुलांच्या माळांखाली काटेरी तार होती. भाषण सुरू होताच पोलीस दंडुके घेऊन तुटून पडले. कुंड्या, खुर्च्या, मुद्गल सगळे झाले. पण काही मिनिटांत पोलिसांनी बाईंना ओढत नेले. संख्या आणि दंडुका यांच्यापुढे जुजुत्सू पुरे पडत नाही, ही गोष्ट जुजुत्सू शिकविणाऱ्यांच्या जाहिरातीत नसते. परंतु हजारो श्रोत्यांनी डोळ्यांनी पाहिले की शांतपणे बोलणाऱ्या बाईवर हात कोणी टाकला. ऑगस्टात महायुद्ध सुरू झाले आणि पथक मोडले. तीस वर्षांवरील, मिळकतीची अट पुरी करणाऱ्या बायकांना मत मिळाले १९१८ मध्ये, पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये.

याच आईची मुलगी सिल्व्हिया पँकहर्स्ट लंडनच्या पूर्व भागात कष्टकरी बायकांत काम करी. तिने १९१३ मध्ये तेथे बायका-पुरुष दोघांचेही रक्षकदल उभे केले. त्याच नोव्हेंबरात डब्लिनच्या टाळेबंदीत, पोलिसांच्या मारात माणसे गेल्यावर, कामगारांनी नागरिक सेना काढली आणि खेळाच्या काठ्या खांद्यावर घेऊन कवायत केली. सिल्व्हिया त्या कामगारांच्या सभेत बोलली; या अपराधासाठी आईने आणि बहिणीने तिला संघटनेबाहेर काढले. माझे मन कोणाच्या बाजूला आहे हे सांगायला नको.

एक काळी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. विल्यम फेअरबेर्न नावाचा इंग्रज १९०७ मध्ये शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत गेला, गस्तीवर बेदम मार खाऊन इस्पितळात पडला, आणि मग जपानी शिक्षकाकडून जुजुत्सू शिकला. त्यातून त्याने पोलिसांसाठी पद्धत बसविली. १९२६ मध्ये तिचे पुस्तक काढले. त्याच शांघायमध्ये मे १९२५ ला जपानी मालकीच्या कापडगिरणीत गु झेंगहोंग हा कामगार मारला गेला. ३० मे रोजी निदर्शकांवर त्याच पोलिसदलाने गोळ्या झाडल्या, त्यात किमान नऊ जण गेले. झाडणाऱ्यांत चिनी शिपाई होते आणि आपले शीख बांधवही होते. त्यानंतर दंगलीसाठी जी खास तुकडी उभारली ती फेअरबेर्नच्या हाताखाली. गॅरडबाईंचे आणि याचे डाव बरेचसे एकाच झाडाचे.

आपल्याकडे हे सारे नवे आहे असेही नाही. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी संघव्यायामाची शिस्त बसविली. नि:शस्त्राने सशस्त्राशी झगडण्याची 'बिनोट' आपल्या आखाड्यांत शिकविली जात होती. मुजुमदारांच्या व्यायामज्ञानकोशाचे खंड आमच्या वाचनालयात धूळ खात होते, ते मी या निमित्ताने झटकले. पण त्या कोशात पाळी सुटल्यावर बसथांब्यापर्यंत जाणाऱ्या बाईचा विचार फारसा नाही. तो लंडनच्या एका ठेंगण्या बाईने केला होता.

तर मग त्या पाचसहा जणींना मी काय उत्तर दिले? युनियनच्या कचेरीत दर रविवारी तासभर वर्ग सुरू केला. ज्यूडोची एक निवृत्त शिक्षिका आली. तिने तीनच गोष्टी घेतल्या: अंगठ्याच्या बाजूने हात सोडवणे, मागून मिठी पडली तर खाली बसून वजन टाकणे, आणि ओरडणे. ओरडण्याला सर्वांत जास्त वेळ लागला. कोणाच्याही तोंडून आवाज फुटेना. गुंडाचे काम आमचे खजिनदार करीत. त्यांचे वजन पंच्याण्णव किलो, आणि चौथ्या रविवारी त्यांचा चष्मा फुटला. व्यवस्थापनाकडे दिव्यांची आणि गाडीची मागणी लावून धरली. दिवे सात महिन्यांनी लागले, गाडी अजून नाही. तोवर दुसरी पाळी आठ-आठ जणींनी गेटातून एकदम निघते, आणि गोदामाच्या भिंतीपाशी आली की मुद्दाम मोठ्याने बोलते.